धाकट्याचा चेहरा

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकायला येणारी मुलं, मुलांना सोडायला येणाऱ्या आया, पंपाच्या खोलीतला क्लोरीनवाला, सगळेच. घरी मात्र ते धाकटे होते. जुळ्यांमधले धाकटे. थोरला झाला, नर्स टॉवेल आणायला वळली आणि तेवढ्यात हे हजर झाले, असं आई सांगायची. त्या टॉवेलभर अंतराच्या जोरावर थोरल्याने आयुष्यभर मोठेपणा केला आणि मास्तरांनीही तो कुरकुर न करता चालवून घेतला.

लहानपणी दोघांना वेगळं ओळखणं म्हणजे डोक्याला ताप होता. शाळेत एकाचा मार दुसऱ्याने खाल्लेला होता. पण पुढे दोघांची कामं वेगळी झाली आणि कामांनी चेहरे वेगळे करून टाकले. थोरला हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. बिनखिडकीच्या खोलीत, पडद्यामागे, नोकरीची सगळी वर्षं. मास्तर उघड्या तलावाच्या काठावर उभे. ऊन एकदा डोक्यावरून यायचं आणि एकदा पाण्यावरून उसळून तोंडावर. शिट्टी फुंकून गालांना खळगे पडले, डोळे बारीक करून करून कडांना चुण्या पडल्या, आणि मान अशी झाली की बायको म्हणायची, इस्त्री विसरलास वाटतं. साठीच्या उंबरठ्यावर थोरला पन्नाशीचा दिसायचा आणि मास्तर सत्तरीचे. "हे तुमचे मोठे बंधू का?" असं कुणी थोरल्याला विचारलं की मास्तर स्वतःच मोठ्याने हसायचे. त्यांना खरंच त्याचं काही वाटत नसे.

वाटायला लागलं ते आईमुळे.

आई थोरल्याकडे असायची. गेली काही वर्षं तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही, मग शेजारीपाजारी. मास्तर दर रविवारी दुपारी तिला भेटायला जात. त्या रविवारी ते खोलीत शिरले तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. त्यांना बघून तिने घाईघाईने केस सारखे केले, कपड्यांवरची सुरकुती हाताने झटकली आणि म्हणाली, "अहो, आज लवकर आलात?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आई, मी गं. धाकटा."

"पुरे झाली चेष्टा," आई म्हणाली. "धाकटा शाळेतून यायचाय अजून. बूट काढा आधी, सगळा चिखल आणता घरात."

त्यांच्या बुटांना चिखल नव्हता. चिखल असायचा तो वडिलांच्या बुटांना. वडील जमिनींच्या मोजणीचं काम करायचे, दिवसभर रानोमाळ उन्हात हिंडायचे, आणि मास्तरांच्या आताच्या वयाचे असतानाच ते गेले होते. मास्तरांनी मुकाट्याने बूट काढले. तेवढ्यात थोरला आईचं औषध घेऊन आला, तर ती लगेच म्हणाली, "आला बघा तुमचा थोरला. हॉस्पिटलातून दमून येतो बिचारा." म्हणजे थोरला तिच्या लेखी मोठा होऊन नोकरीला लागला होता आणि धाकटा अजून शाळेतच होता. जुळ्या मुलांमध्ये हे कसं काय, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"होतं असं," थोरला दाराशी येऊन हळूच म्हणाला. "आज झालं, पुढच्या खेपेला नाही होणार."

पण पुढच्या खेपेलाही झालं. त्याच्या पुढच्याही. मास्तर दारात आले की आई केस सारखे करायची.

मास्तरांची बायको त्यांना लग्नाआधीपासून अरे-तुरे करायची. तलावावरची माणसं मास्तर म्हणायची. 'अहो' ही हाक त्यांना जन्मात कुणी मारली नव्हती. आता ती खुद्द आईच्या तोंडून आली की त्यांना काय करावं, हात कुठे ठेवावेत, तेच समजेना. एका रविवारी त्यांनी घरी येऊन न्हाणीघराच्या आरशात स्वतःला नीट पाहिलं. दाढीपुरता आरसा ते रोज बघत, पण असं बघितलं नव्हतं. आणि आरशात वडील उभे होते.

"तिचं डोकं काम करत नाहीये," बायको म्हणाली. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि माणसांना न दिसणाऱ्या गोष्टी समजावून सांगायची तिला सवय होती. "त्यात तुझ्या चेहऱ्याचा काय दोष?"

"मग थोरल्याला कशी ओळखते?"

"तो रोज समोर असतो."

"तसं नाहीये ते. त्याचा चेहरा होता तसा राहिलाय. माझाच बदललाय. तिच्याकडे एकच खूण आहे आणि ती मीच पुसून टाकली."

बायकोने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. मग ती म्हणाली, "सुरकुत्यांना ते रेटिनॉल लावतात म्हणे. दुकानातल्या बायका बोलत असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं."

"रेटिना तर डोळ्यात असतो ना? मग तुमच्याच दुकानात मिळत असेल."

बायको इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "डोळ्यात घालू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. मग तिला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, बहिणीचं ऑपरेशन होतं, आणि ती बॅग भरायला गेली. त्यामुळे मास्तर दुकानात एकटेच गेले.

मोठं औषधांचं दुकान होतं ते. तिथे चेहऱ्याची एक अख्खी भिंत होती. मास्तरांना वाटलं होतं की रेटिनॉल म्हणून एक डबी असेल, ती उचलायची आणि यायचं. इथे तर रेटिनॉल, त्याच्या शेजारी रेटिनाल, त्याच्या खाली रेटिनिल आणि पुढे भलंमोठं काहीतरी. मास्तरांना पहिल्या दोनांत छपाईची चूक वाटली. कुठे क्रीम, कुठे सीरम, कुठे तेल. एक बाटली पंपाची, एक ड्रॉपरची, एक ट्यूब. एकीवर टक्का शून्याने सुरू होत होता, एकीवर पूर्ण एक टक्का होता, आणि बाकीच्यांवर टक्काच नव्हता, नुसतं 'प्रगत' असं लिहिलं होतं. कशापेक्षा प्रगत, ते लिहिलं नव्हतं. एका खोक्यावर एका बाईचा चेहरा होता, तिचं वय फार तर पंचवीस. तिला याची काय गरज, हे मास्तरांना समजेना.

पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी जवळ आली. "काका, काही शोधताय का? काकूंसाठी?"

"माझ्यासाठी," मास्तर म्हणाले आणि उगाचच ताठ उभे राहिले.

"आधी कधी वापरलंय?"

"नाही."

"त्वचा कशी आहे? कोरडी, तेलकट, संवेदनशील?"

मास्तरांनी गालाला हात लावून पाहिला. "ओली असते. मी तलावावर असतो."

मुलगी हसू आवरत म्हणाली, "तसं नाही, काका. रेटिनाल जरा लवकर काम करतं, पण सगळ्यांना सोसतंच असं नाही. रेटिनिलवालं सौम्य असतं, पण फरक कमी पडतो. तुम्ही साध्या रेटिनॉलपासून सुरू करा, कमी टक्क्याचं. आठवड्यातून दोनदा, झोपताना, वाटाण्याएवढं. आणि दिवसा सनस्क्रीन लावायलाच हवं."

"वाटाण्याएवढं कुठे? कपाळाला?"

"सगळ्या चेहऱ्याला मिळून."

मास्तरांना ती थट्टा वाटली. एवढा मोठा चेहरा, त्यावर एवढ्या वर्षांचं ऊन, आणि औषध वाटाण्याएवढं. "फरक कधी दिसेल?"

"तीन-चार महिने तरी धरा. कधीकधी सहा."

सहा महिने. मास्तरांना आईची खुर्ची दिसली. सहा महिन्यांनी ती थोरल्याला तरी ओळखत असेल की नाही, कुणी सांगावं. त्यांना अजून बरंच विचारायचं होतं, पण पलीकडून कुणीतरी मुलीला हाक मारली आणि ती "आलेच हं" म्हणून गेली. मास्तर भिंतीसमोर एकटे उरले. ते बराच वेळ एक खोका उचलत, चष्मा वर करून वाचत, परत ठेवत आणि आधी कुठला वाचला होता ते विसरत. शेवटी त्यांनी तलावावरचा हिशोब लावला. ज्याला लवकर शिकायचंय त्याने जास्त सराव करायचा. त्यांनी पूर्ण एक टक्क्याचं सीरम घेतलं. सोबत रेटिनालची ट्यूब घेतली, न जाणो तेच खरं असलं तर. आणि शेजारच्या फळीवर 'मृत त्वचा काढून टाकते' असं लिहिलेली आम्लाची एक बाटली होती, तीही घेतली, कारण त्यांच्याकडे मृत त्वचा भरपूर असणार अशी त्यांची खात्री होती. सनस्क्रीन राहून गेलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी जास्त लावलं. संध्याकाळी आम्ल, त्यावर सीरम, त्यावर ट्यूब. मग सकाळी तलावावर जायच्या आधीही एक हात फिरवायला लागले. मान विसरली जायची, तिची भरपाई दुपारी. चेहरा थोडा चुणचुणायला लागला तेव्हा त्यांना बरं वाटलं. काहीतरी चाललंय आत. व्यायामानंतर अंग दुखतं तसंच हे.

मग एका सकाळी काठावर उभे असताना पाण्यातली एक मुलगी पोहायची थांबली आणि दोरीला धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं? पाय मार," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमच्या नाकाचं साल निघतंय."

मास्तरांनी नाकाला हात लावला तर हातात खरंच पापुद्रा आला. कपाळ टोमॅटोसारखं लाल झालं होतं, गालांवरून कातडीचे तुकडे लोंबत होते. तलावाच्या पाण्याचे चार थेंब उडाले तरी तोंडाला विस्तव लागल्यासारखं होत होतं. क्लोरीनवाला पंपाच्या खोलीतून बाहेर आला, त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, घरी जा."

ते घरी गेले. त्यांना काहीच समजत नव्हतं. त्यांनी तिन्ही वस्तूंची खोकी परत वाचली. एकावर लिहिलं होतं की सुरुवातीला थोडं साल निघणं साहजिक आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं की साल निघाल्यास वापर थांबवा. तिसऱ्यावरची अक्षरं इतकी बारीक होती की वाचताच येईनात. म्हणजे हे चांगलं चाललं होतं की वाईट? खालून नवा चेहरा येतोय, की होता तोही चाललाय? बायकोला फोन करावा असं वाटलं, पण ती हॉस्पिटलात बहिणीच्या उशाशी बसलेली असणार, म्हणून राहिलं.

रविवार आला. अशा तोंडाने जावं की नाही, हे त्यांचं सकाळभर ठरेना. पण एकही रविवार त्यांनी चुकवलेला नव्हता. टोपी खाली ओढून ते गेले. दार उघडल्यावर थोरला दोन पावलं मागे सरकला.

"भाजलास की काय कुठे?"

"क्रीम लावलं."

"कसलं क्रीम?"

"सुरकुत्यांचं."

थोरला बाजूला झाला.

आई खुर्चीत होती. मास्तर दारात थांबले आणि तिच्या हातांकडे बघत राहिले. आता ती केस सारखे करणार. पण तिचे हात हलले नाहीत. तिने मान पुढे काढून त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि एकदम तिचा आवाज चढला.

"अरे गाढवा! परत गेलास ना पोहायला? भर उन्हात?"

मास्तर टोपी आणखी खाली ओढायला लागले.

"इकडे ये. ये म्हणते ना! बघ, सगळं नाक सोलून घेतलंस. किती वेळा सांगितलं, डोकं पुसत जा, सावलीत बस म्हणून. थोरला बघ कसा शहाण्यासारखा घरात बसतो. आणि तू!"

ते तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. तिने त्यांची टोपी काढली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. मग थोरल्याला साय आणायला सांगितली. थोरला धावत गेला आणि वाटीत साय घेऊन आला. आईने बोटाने ती त्यांच्या गालांवर, नाकावर, कपाळावर लावली. आग होत होती तिथे गार वाटलं. कुठे किती लावायचं ते तिच्या बोटांना बरोबर ठाऊक होतं.

"रडतोस काय? दुखतंय?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग जाऊ नकोस ना रे," ती म्हणाली आणि लावत राहिली.

बायको परत आली तेव्हा ते दाराशी उभे होते, चेहरा अर्धा लाल, अर्धा पांढरा, आणि भलतेच खुशीत. "ओळखलं तिने मला! अरे म्हणाली!" बायकोने बॅगही खाली ठेवली नाही, तशीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरने तिन्ही खोकी टेबलावर मांडून पाहिली. मग मास्तरांकडे पाहिलं, मग परत खोक्यांकडे. "हे सगळं एकाच वेळी? आणि वर दिवसभर उन्हात? सनस्क्रीनशिवाय?" डॉक्टरने सांगितलं, सगळं बंद. नुसतं साधं मलम, सावली, आणि चेहऱ्याला विश्रांती. पूर्ण बरं झाल्यावर हवंच असेल तर सगळ्यात कमी टक्क्याचं एकच काहीतरी, आठवड्यातून एक-दोनदा, तेही धीराने. "सुरकुत्या जरा मऊ होतील, डाग थोडे उजळतील. वीस वर्षं मागे जाणार नाही कुणी."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग घसा खाकरून विचारलं, "डॉक्टर, थोडंसं सोललेलं ठेवता येईल का?"

"म्हणजे?"

"सगळं नको. नाकापुरतं. रविवारी असलं तरी चालेल."

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. "का?" डॉक्टरने विचारलं. मास्तर सांगायला लागले, आई, खुर्ची, साय, पण सांगता सांगता त्यांचाच धागा सुटत गेला, कारण ते तरुण दिसण्यासाठी क्रीम लावत होते, क्रीमने चेहरा बिघडला, आणि बिघडल्यामुळे ते लहान दिसले. यात औषधाचा गुण आला की नाही? डॉक्टरने खोकी एकावर एक रचून बाजूला सारली. कातडीशी असा खेळ करायचा नाही, कायमचे डाग पडतील, एवढंच सांगितलं, आणि जरा नरम आवाजात.

बायकोने सीरम आणि आम्ल उचलून कचऱ्यात टाकलं. ट्यूब तिने स्वतःकडे ठेवली आणि वाटाण्याएवढी, आठवड्यातून दोनदा, सावकाश लावायला लागली. मास्तरांसाठी तिने सनस्क्रीन आणलं आणि रुंद काठाची टोपी. चेहरा बरा होत गेला. लाली उतरली, पापुद्रे गेले, आणि खाली होता तोच चेहरा निघाला. त्या मधल्या रविवारी आई एकदा त्यांना 'अरे' म्हणाली आणि लगेच गोंधळून गप्प झाली, पुढच्या वेळी नुसतीच बघत राहिली. मास्तर दारात थांबून अंदाज घ्यायचे, आज कोण म्हणून आत जायचं.

मग एका रविवारी तिने परत केस सारखे केले. "अहो, आलात? बसा."

मास्तर बसले. या खेपेला त्यांनी 'आई, मी धाकटा' असं म्हटलं नाही. म्हणायचं होतं, पण ती आज इतकी शांत दिसत होती की तिला खोटं पाडावंसं वाटेना.

तिने दाराशी कुणी नाही ना, ते पाहून घेतलं. मग म्हणाली, "एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"काल धाकट्याला मारलंत, ते बरं नाही केलंत."

मास्तर जरा पुढे सरकून बसले.

"पोहायला जातो तर जाऊ दे. थोरल्यासारखं पुस्तकात डोकं नाही त्याचं. नसेना का. मी पाहिलंय त्याला, त्या पाण्यात तो वेगळाच दिसतो हो. आपल्या घरात असा कधी दिसत नाही. पोटाला मिळवेल की तो त्यातनंच काहीतरी. तुम्ही अडवू नका त्याला."

मास्तरांना तो मार आठवत होता. आणि त्यानंतर काही दिवसांनी वडिलांनी एकाएकी मनाई उठवली होती, तेही आठवत होतं. एकही शब्द न बोलता त्यांनी पोहण्याची नवी चड्डी आणून अंथरुणावर टाकली होती. का, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. आपल्याच चिकाटीने आपण जिंकलो, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

"नाही अडवत," ते म्हणाले. आवाज त्यांचा होता की कुणाचा, कुणास ठाऊक.

"खरं?"

"खरंच. जाऊ दे त्याला."

आईने समाधानाने मान हलवली. मग काहीतरी आठवून म्हणाली, "तुम्हीच सांगा ना त्याला. मी सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. बाहेरच असेल कुठेतरी तोंड फुगवून. जा, बोलवून आणा त्याला."

मास्तर उठले. बूट न घालताच खोलीबाहेर आले आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. खाली रस्त्यावर एक माणूस गाडी धूत होता. थोरला चहाचे कप घेऊन मागून आला.

"काय रे, उठून का आलास? काय म्हणते?"

"मला बोलवून आणायला पाठवलंय," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"मलाच."

थोरल्याला काही उमगलं नाही. त्याने एक कप त्यांच्या हातात दिला आणि दोघे कठड्याशी उभे राहून चहा प्यायला लागले. आतून आईचा आवाज आला, "सापडला का हो?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "आलोच," ते म्हणाले आणि आत गेले.